साखरेची चादर

आमच्या घरी दूध आलं की आत्या आधी त्यात बोट बुडवायची आणि ते बोट भिंतीला टेकवायची. थेंब सरळ खाली धावला तर गवळ्यानं पाणी घातलंय, रेंगाळत उतरला तर दूध बरं. गवळी रोज सकाळी दारात उभा राहून आपल्या दुधाची परीक्षा बघायचा आणि म्हणायचा, "आक्का, आज तरी पास करा की." आत्या त्याला पासही करायची नाही आणि नापासही नाही. "बगू उद्या," एवढंच म्हणायची. वैरागच्या आमच्या घरात स्वयंपाकघराच्या दारालगत त्या थेंबांचे पांढरट ओघळ उतरलेले असायचे. दर दिवाळीला आई त्यांच्यावर चुना मारायची आणि पाडव्यापासून पुन्हा नवे ओघळ सुरू व्हायचे.

ही काशीआत्या म्हणजे अण्णांची थोरली बहीण. लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली नाहीत तोच नवरा गेला आणि ती कायमची माहेरी आली. घराच्या किल्ल्या तिच्याच कमरेला आल्या. आईनं त्याबद्दल कधी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही. आई मुळातच कमी बोलायची. घरात तिचा आवाज म्हणजे परातीत भाकरी थापल्याचा आवाज. अण्णा शाळेत मास्तर होते, घरी आले की पेपर मोठ्यानं वाचायचे, आणि आत्या चुलीपुढून प्रत्येक बातमीला विचारायची, "कशावरनं?" शिंप्यानं कापड मारलं का, वाण्यानं डाळीत खडे घातले का, पाहुण्याची पिशवी येतानापेक्षा जाताना जड का दिसते, सगळीकडे तिची नजर असायची. मीही तशीच निघाले. तेरा वर्षांची असताना माझी पक्की खात्री होती की जगातला प्रत्येक माणूस दुसऱ्यापासून काहीतरी लपवतोय आणि ते शोधून काढणं हे माझं काम आहे. आत्या कौतुकानं सांगायची, "कुमी माज्यावर गेलीया. हिला कोण फसवनार न्हाय." आता सत्तरीला टेकले तरी भाजीवाल्यानं हसून दोन मिरच्या जास्त टाकल्या की मी घरी येऊन आधी वांगी चिरून बघते.

विजूताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी आणि स्वभावानं अगदी उलटी. कासारानं तडकलेल्या बांगड्या दिल्या तरी ती "असू दे, तुकडे कामाला येतील" म्हणून घेऊन यायची, आणि खरोखरच त्या तुकड्यांचं तोरण करून दारावर लावायची. ज्वारीच्या धाटाची बैलगाडी, कांद्याच्या सालीची फुलं, उरल्यासुरल्या लोकरीचा पोपट, तिच्या हातात काही वाया जायचं नाही. मॅट्रिक होऊन तिला वर्ष झालं होतं. बार्शीला जाऊन मास्तरणीचा कोर्स करायची तिची इच्छा होती. अण्णा हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. "बघू," म्हणायचे. आमच्या घरात "बघू"चा अर्थ काय होतो ते गवळ्याला विचारावं.

आता आत्याच्या नखाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या नखापायी घडलं. लग्नात मुलीकडच्यांनी रुखवत मांडलं की मुलाकडच्या बायका ते बघायला जातात. बघायला कसल्या, तपासायला. हे पोरीनं स्वतः केलंय की मावशीकडून उसनं आणलंय, लाडू खरे आहेत की नुसते दिसायला ठेवलेत? आमच्या भावकीत मुलाकडची बाजू असली की या कामाला आत्याला पुढं करायचे. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नसे, पण रुखवत तपासायला तीच लागायची. त्यासाठी तिनं उजव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतं. पदराआडून ते हळूच वस्तूत रुतवायची आणि काय निघतं ते बघायची. एका लग्नात नारळाएवढे पाच बेसनाचे लाडू मांडले होते. आत्यानं नख लावलं आणि वरच्या थराखालून लाकडाचा भुसा निघाला. ती गोष्ट वैरागात कितीतरी वर्षं हसून हसून सांगितली गेली. त्या नवरीला पुढं सासरी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते मात्र कुणी सांगत नसे, आणि त्या वयात मलाही ते विचारावंसं वाटलं नाही.

अशी आमची आत्या एका संध्याकाळी डाळ पाखडता पाखडता म्हणाली, "सोलापुरात हस्तकलेचं कसलं तरी प्रदर्शन लागलंय म्हनं. केक का काय ते बी सजवून ठेवत्यात. पोरींनी बगायला पायजे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. जत्रेतल्या पाळण्यात "फिरून परत तितंच येतुय की" म्हणून जिनं आम्हाला कधी बसू दिलं नाही, ती आत्या आम्हाला पन्नास मैलांची येजा करून केक दाखवणार होती. अण्णांनी पेपरमधून डोकं वर काढलं नाही, मोठ्यानं वाचणं मात्र थांबवलं. त्या आठवड्यात "मोहोळकर" हे नाव मी घरात दोनदा ऐकलं होतं आणि दोन्ही वेळा माझी चाहूल लागताच बोलणं बंद झालं होतं. शंका यायला मला एवढं पुरे होतं. निघायच्या दिवशी सकाळी आईनं ट्रंकेतून स्वतःची अंजिरी इरकल काढली आणि ताईला नेसायला दिली. "प्रदर्शनाला इरकल कशाला?" मी विचारलं. "घडी मोडायचीच होती," आई म्हणाली, पण माझ्याकडे न बघता. ताईला यातलं काहीच खटकलं नाही. केक तिनं जन्मात पाहिला नव्हता. कुठल्याशा मासिकातलं केकचं रंगीत चित्र कापून तिनं वहीत चिकटवलं होतं. ती वही तिनं पिशवीत घातली आणि इरकल नेसून सगळ्यांच्या आधी दारात जाऊन उभी राहिली.

एसटीत आत्यानं आम्हाला बजावलं, "तितं कुनी काय दिलं तर खायाचं न्हाय. केकात अंडं घालत्यात." सोलापूर स्टँडवर उतरून टांगा केला. तो गल्लीबोळांतून निघाला तशी आत्या अस्वस्थ झाली. दोन्ही बाजूंच्या घरांतून मागांची खटखट येत होती, उंबऱ्यांवर बायका मांडीत सूप घेऊन विड्या वळत तेलुगूत गप्पा मारत होत्या. हा माणूस आपल्याला मुद्दाम लांबून नेतोय असं आत्यानं ठरवूनच टाकलं. "का रं, सरळ रस्ता न्हाय का?" तिनं विचारलं. "येइच सीदा है अम्मा, दूसरा कां से लाऊं?" टांगेवाला म्हणाला. तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला. आत्या दचकली आणि त्याचाही दोष तिनं टांगेवाल्याला दिला.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. आत जायच्या आधी आत्यानं आवारातल्या कडुलिंबाखाली शिदोरीचं फडकं सोडलं, कारण आत भूक लागली आणि कुणी काही पुढं केलं तर मोह नको. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि कांदा. चटणीला तेल चांगलं सुटलं होतं. हात धुवायला गेलो तर नळाला पाणी नव्हतं. ताईनं आणि आत्यानं पिण्याच्या तांब्यातल्या घोटभर पाण्यात बोटं बुडवली. माझ्यापर्यंत पाणी उरलंच नाही म्हणून मी हात फ्रॉकला पुसले. बोटं लालच राहिली.

दारात एक चष्मेवाला तरुण उभा होता, पांढऱ्या शर्टाच्या खिशाला दोन पेनं लावलेला. त्यानं आमच्याकडे बघितलं, मग ताईकडे बघितलं, आणि समोरच्या टेबलावरचा कागद घाईघाईनं सरळ केला. तो कागद आधीच सरळ होता. मी ते टिपलं. आत भरतकामाचे रुमाल, कापसाच्या बाहुल्या, शिंपल्यांचे पडदे, सुतळीला गाठी मारून केलेल्या पिशव्या असं सगळं लांब टेबलांवर मांडलेलं. बाहुल्यांपाशी गेलो तर हा तिथं. शिंपल्यांपाशी गेलो तर तिथंही हा. पिशव्यांकडे वळलो तर आमच्याआधीच पोचलेला. मी ताईच्या इरकलीचा पदर घट्ट धरला. हा खिसेकापू असणार हे मी मनाशी पक्कं केलं. त्याला दोन पेनं कशाला लागतात, एवढं एक कोडं सुटत नव्हतं.

आत्याचं त्याच्याकडे लक्षच नव्हतं. ती वस्तूंकडेही बघत नव्हती, येणाऱ्याजाणाऱ्या बायकांची तोंडं बघत होती. म्हणजे ती कुणाला तरी शोधत होती. मी तेही टिपलं.

तो तरुण शेवटी बोललाच. "तुम्ही करता का असलं काही?" त्यानं ताईला विचारलं.

"धाटाच्या बैलगाड्या करते," ताई म्हणाली.

"चाकं फिरतात का त्यांची?"

"फिरतात की. नाहीतर ती गाडी कसली?"

तो मोठ्यानं हसला. ताईही हसली, आणि हसताना तिनं तोंडावर पदर धरला नाही. मग तो कुठंतरी गेला आणि लिंबाच्या सरबताचे दोन ग्लास घेऊन परत आला. सोबत कागदाच्या तुकड्यावर साखरेची दोन निळी फुलं होती, नखाएवढ्या पाकळ्यांची. "आईनं केलीत," तो म्हणाला. "खाऊन बघा. अंडं नाही." ताईनं फूल सरळ तोंडात टाकलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "विरघळतंय." मी माझं फूल रुमालात बांधून ठेवलं. ओळख ना देख, हा कोण आम्हाला फुकट फुलं देणारा?

सभागृहाच्या टोकाला दोरी बांधून केक मांडले होते. घरटं, पुस्तक, फुलांची टोपली. सगळ्यांच्या मध्ये एक सोलापुरी चादर चौघडी घालून ठेवलेली. पांढरी आणि गडद निळी, काठाला मोर आणि कडेनं दशा सोडलेल्या. पुढं पाटी होती, "साखरेची चादर". मी आजवर खूप केक बघितले, नातवंडांच्या कृपेनं मोटारींचे आणि माकडांचेही बघितले, पण त्या चादरीसारखा केक पुन्हा बघितला नाही. विणीतला उभा-आडवा धागासुद्धा दिसत होता.

आत्या तिथं थबकली. ज्यांना शोधत होती ती तोंडं विसरून ती चादरीकडे बघत राहिली. "ही साखर न्हाय," ती म्हणाली.

"आत्या, तिथं लिहिलंय की," ताई म्हणाली.

"लिवलंय तर लिवलंय. आपल्याला कारडावर साखर मिळंना, सनाला रांगंत हुबं ऱ्हावं लागतंय, आन् हिकडं साखरंच्या चादरी? खळ घालून वाळवलेली चादर हाय ती. दहा वरसं मी असलीच पांघरतीया, मला शिकवतीस व्हय?"

तिचं म्हणणं मला पटलं होतं, हे मी इथं कबूल करते. मीच तिला म्हणाले, "बघ की मग लावून." तिनं इकडंतिकडं पाहिलं, पदर पुढं घेतला, दोरीवरून वाकली आणि अंगठ्याचं नख मोराजवळ रुतवलं. कट् असा बारीक आवाज झाला. वाळलेल्या साखरेला चीर गेली, ती मोराच्या मानेतून धावली आणि मान तुटून खाली ताटात पडली. ती साखरच होती.

"अहो मोहोळकरबाई, इकडं या, हे बघा काय झालं!" पलीकडून एका बाईनं ओरडून सांगितलं.

ते नाव ऐकलं आणि मला एका क्षणात सगळं उमगलं. घरातली कुजबुज, इरकल, बायकांची तोंडं शोधणारी आत्या. ताईला इथं मुलाकडच्यांना दाखवायला आणलं होतं, तिला न सांगता. आणि लगबगीनं येणाऱ्या त्या उंच, पांढरं पातळ नेसलेल्या बाईंच्या मागून सरबताचा रिकामा ट्रे घेऊन तो चष्मेवाला येत होता आणि "आई, काय झालं?" असं विचारत होता. मी आत्याकडे बघितलं. तिचा चेहरा असा उतरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. तिचा उजवा हात पदराखाली गेला होता.

मोहोळकरबाई ओरडल्या नाहीत. तुटलेल्या मानेकडे त्यांनी वाकून बघितलं. मग हळू आवाजात विचारलं, "कुणी हात लावला?"

"पोरगी हाय वो," आत्या म्हणाली आणि माझ्या खांद्याला धरून तिनं मला पुढं केलं. "ल्हान हाय. लावलं आसंल बोट."

मला आत्याचा इतका राग पुन्हा कधी आला नाही. रागापेक्षाही मला धक्का बसला होता. हिला कोण फसवणार नाही असं जिच्याबद्दल ती गावभर सांगायची, तिलाच तिनं चारचौघांत पुढं ढकललं. मला तोंड उघडता येईना. "दाखव हात," बाई म्हणाल्या. त्यांनी माझे दोन्ही हात उलटेपालटे केले, बोटं एकेक करून बघितली. "हे लाल काय आहे?" "शेंगाची चटणी," मी म्हणाले. कुणीतरी हसलं. बाईंनी चादरीकडे पाहिलं. पांढऱ्या साखरेवर लाल ठिपकाही नव्हता. त्यांनी माझे हात सोडले आणि आत्याच्या पदराकडे बघितलं. आत्याचा हात पदराखालून बाहेर येईना. "मग?" बाई म्हणाल्या.

"मी लावलं नख," विजूताई म्हणाली. "खरंच साखर आहे का ते बघायचं होतं. माझं चुकलं."

"असू दे ना आई, चुकून..." तो म्हणाला.

"तू थांब, सुधाकर." बाईंनी ताईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "वैरागच्या ना तुम्ही? मास्तरांची मुलगी?"

"हो," ताई म्हणाली, आणि तिनं एकदा आत्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग ती म्हणाली, "थोडी पिठीसाखर आणि पाणी मिळालं तर मी मान जोडून देते. नीट जोडेन."

"राहू दे. आणखी हात लावायला नको."

परतीच्या एसटीत आत्यानं कंडक्टरनं दिलेली तिकिटं बघितलीसुद्धा नाहीत, तशीच कनवटीला लावली. मी खिडकीशी, मधे ताई, पलीकडे आत्या. शहराच्या बाहेर पडल्यावर मला रुमालाची आठवण झाली. गाठ सोडली तर निळ्या फुलाची एक पाकळी मोडली होती, बाकी फूल धड होतं. त्या माणसाचं काही नको, असं वाटून मी ते खिडकीबाहेर टाकून दिलं. ताईनं मान वळवून मागं रस्त्याकडे बघितलं. घरी अण्णांनी विचारलं, "कसं झालं?" "बरं झालं," आत्या म्हणाली आणि पाय धुवायला गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांच्या दाढीचं पातं घेऊन तिनं अंगठ्याचं नख कापून टाकलं. ते तिनं पुन्हा वाढवलं नाही.

पंधरा दिवसांनी मोहोळकरांचं पोस्टकार्ड आलं. पत्रिका जुळत नाही. पत्रिका कुणी मागवलीच नव्हती.

माझ्या डोक्यात मग सगळं कसं चपखल बसलं. ताईला बार्शीला जायचं होतं. मोहोळकर हे नाव तिच्याही कानावर आलं असणार, बाई कोण आहेत हे तिनं माझ्यासारखंच ओळखलं असणार आणि स्वतःला नापसंत करून घ्यायची ही नामी संधी तिनं साधली असणार. वरून साधी दिसते, पण आतून किती पोचलेली, असं मला वाटलं आणि तिचा अभिमानही वाटला. मी गप्प का राहिले, या प्रश्नाचं उत्तरही त्यात आपोआप मिळत होतं: मी बोलले असते तर ताईचा बेत फसला असता. खरं सांगायचं तर मी गप्प राहिले ती आत्याच्या भीतीनं आणि त्या बाईंच्या भीतीनं. बेताबिताचं मला नंतर सुचलं. त्या जूनमध्ये अण्णांनी ताईला बार्शीला धाडलं. मग तर माझा तर्क पुराव्यानिशी सिद्ध झाला.

ताई मास्तरीण झाली आणि दोन-तीन वर्षांनी टेंभुर्णीला दिली. भावोजींचं पंपांच्या सुट्या भागांचं दुकान. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवी नाही, हात उचलणं नाही. पण त्यांना मोठ्यानं हसताना मी कधी ऐकलं नाही, आणि ताईनं काही करून दाखवलं की ते विचारायचे, "ह्याचा उपयोग काय?" तिच्या लग्नात सासरच्या बायका रुखवत चाचपत होत्या तेव्हा आत्या तिकडं फिरकली नाही, भटारखान्यात जाऊन बसली. प्रदर्शनाबद्दल ती मरेपर्यंत एक अक्षर बोलली नाही. ताई माहेरी आली की दुधावरची सगळी साय मात्र तिच्याच वाटीत पडायची. तेवढ्यापुरतं मी आत्याला माफ केलं होतं.

चादरीची गोष्ट मी पन्नास वर्षं सांगत आले. बारशाला, डोहाळजेवणाला, कुठंही केक दिसला की मी सुरू व्हायचे. आत्याची, टांगेवाल्याची, मोहोळकरबाईंची नक्कल करायचे आणि शेवटी म्हणायचे, "आणि आमची ताई अशी अलगद सुटली!" लोक पोट धरून हसायचे. ताईही हसायची.

गेल्या वर्षी टेंभुर्णीला ताईच्या नातीचा वाढदिवस होता. भावोजी जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. केकवर निळी फुलं होती, त्यामुळे मला आवरलं नाही. गोष्ट सांगून झाली, सगळे हसले आणि पोरं अंगणात खेळायला गेली. आम्ही दोघी केकच्या बश्या घेऊन पडवीत बसलो. ऊन कललं होतं. ताई म्हणाली, "कुमे, तू लई रंगवून सांगतीस ती गोष्ट."

"खोटं काय आहे त्यात?"

"मी सुटायला म्हणून अंगावर घेतलं, हे तुला कुणी सांगितलं?"

मी म्हणाले, सांगायला कशाला पाहिजे, दिसतच होतं. तुला कोर्स करायचा होता, मोहोळकर कोण ते तुला ठाऊक होतं.

"मला कुठलं ठाऊक? माझ्यापुढं घरात कुणी नावच काढलं नव्हतं. वैरागच्या ना, असं त्या बाईंनी विचारलं तवा मला उमगलं. तोवर मी बोलून बसले होते."

"मग बोललीस कशाला?"

"तुझी हनुवटी हलायला लागली होती. आत्याचा हात पदराबाहेर येत नव्हता. कुणीतरी बोलायला पाहिजेच होतं की." तिनं चमच्यानं केक जरासा टोकरला. "आवडला होता मला तो, कुमे. चाकं फिरतात का, असं आजवर कुणी विचारलं नव्हतं. नंतरही कुणी विचारलं नाही."

खिसेकापू म्हणून मी ज्याला पक्कं ठरवलं होतं, त्याचा चेहरासुद्धा मला आता नीट आठवत नव्हता. दोन पेनं तेवढी आठवत होती.

"मी वाट बघत होते," ताई म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "तितनं निघून दारापर्यंत आलो, टांग्यात बसलो, तोवर मला वाटत होतं, कुमी आता बोलेल. पळत जाऊन खरं काय ते सांगून येईल. सगळ्यांचं खोटं तू पकडायचीस. माझं बी पकडशील असं वाटलं होतं."

"ताई," मी म्हणाले.

"आणि ते फूल टाकलंस तू खिडकीतनं. मला मागायचं होतं ते. मी माझं तितंच खाऊन बसले होते."

मी माझ्या बशीतल्या केकवरचं निळं फूल चमच्यानं उचललं आणि तिच्या बशीत ठेवलं. तिनं त्याच्याकडे बघितलं, मग ते तोंडात घातलं आणि डोळे मिटले.

"हे तसलं न्हाय," ती म्हणाली. "ते विरघळत होतं."